डायनासोर गेले, पुढे काय? – दोन माहितीपटांच्या निमित्ताने

आपल्या मंडळातल्या कुठल्याही सहा-सात वर्षांच्या मुलाला डायनासोरबद्दल विचारा. "मला भूक लागली" हे मराठीत म्हणताना अडखळणारं कार्टं 'ट्रायसेराटॉप्स' आणि 'पॅकिसेफलोसॉरस' मात्र सफाईने म्हणून दाखवतं. उल्का कधी पडली, कुठे पडली, हेही त्याला ठाऊक असतं. पण "बरं, मग पुढे काय झालं?" असं विचारलंत की उत्तर एका वाक्यात संपतं. डायनासोर मेले, मग आपण आलो! मधली ६ कोटी ६० लाख वर्षं कुठे गेली, याचा हिशोब कुणी मागत नाही. आणि खरं सांगायचं तर आपणा मोठ्या मंडळींचं ज्ञानही याच्या फार पुढे नसतं.

या मधल्या काळावर निघालेल्या फिल्म्स डायनासोरच्या मानाने फारच थोड्या. त्यांतल्या दोन मी यंदाच्या हिवाळ्यात ओळीने पाहिल्या. पहिली बीबीसीची 'वॉकिंग विथ बीस्ट्स', २००१ सालची, सहा भागांची. अमेरिकेत डिस्कव्हरी चॅनलने ती 'वॉकिंग विथ प्रीहिस्टॉरिक बीस्ट्स' या नावाने दाखवली. दुसरी पीबीएसच्या 'नोव्हा' मालिकेतली 'राइज ऑफ द मॅमल्स', ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेली. ही दुसरी आपल्या कोलोरॅडोची. कोलोरॅडो स्प्रिंग्सच्या पूर्वेला असलेल्या कोरल ब्लफ्स या टेकड्यांमध्ये काय सापडलं, त्याची कथा. माझा धंदा सॉफ्टवेअरचा, जीवाश्मांचा नाही. पण वीस वर्षं क्लायंटची कागदपत्रं वाचून एक खोड लागली आहे. शीर्षकात काय कबूल केलंय आणि प्रत्यक्षात हातात काय ठेवलंय, ते आधी ताडून बघायचं. या दोन्ही फिल्म्सना तीच फूटपट्टी लावतो.

'बीस्ट्स' आधी घेतो, कारण ती आजही जास्त बघवते. मूळ आवृत्तीत केनेथ ब्रॅनाचं निवेदन आहे. जणू काही कॅमेरामन त्या काळात जाऊन झुडपामागे दबा धरून बसलाय, अशा थाटात सगळं चित्रण. डायनासोरची गुळगुळीत कातडी कॉम्प्युटरवर काढणं त्या मानाने सोपं. केसाळ, लवदार, ओला झाल्यावर अंग झटकणारा प्राणी २००१ सालच्या मशीन्सवर काढणं म्हणजे काय दिव्य असेल, ते आमच्या धंद्यातल्यांना विचारा. काही दृश्यांत आज ते जुनं दिसतं, पण बहुतेक ठिकाणी डोळा फसतो.

कथानकं मात्र जवळजवळ एकाच साच्यातली. पहिल्या भागात लेप्टिक्टिडियम नावाच्या, उड्या मारत पळणाऱ्या चिमुकल्या प्राण्याची आई पिल्लांसाठी अन्न शोधतेय. दुसऱ्या भागात बॅसिलोसॉरस ही अजस्र देवमाशीण गरोदर आहे आणि समुद्रात खायला मिळत नाही. तिसऱ्यात इंड्रिकोथेरियमची आई आणि तिचं पिल्लू. थोडक्यात काय, 'माहेरची साडी'ची प्रागैतिहासिक आवृत्ती! हे मी चेष्टेने म्हणत असलो तरी तिसरा भाग खरोखर चांगला उतरलाय. इंड्रिकोथेरियम म्हणजे शिंग नसलेला गेंड्याचा भाऊबंद. खांद्यापर्यंतच उंची जवळपास पाच मीटर, वजन पंधरा-वीस टन. जमिनीवर वावरलेल्या सस्तन प्राण्यांत सर्वांत मोठ्या प्राण्यांपैकी एक. तीन वर्षं जिवापाड जपलेल्या पिल्लाला, दुसरं बाळ आल्यावर हीच आई हाकलून लावते. तिथे निवेदक उगाच गळा काढत नाही. आपल्या सिरियलवाल्यांनी शिकण्यासारखं आहे.

आता पहिल्या भागाकडे येतो, कारण माझं मुख्य भांडण तिथे आहे. हा भाग ४ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीच्या जर्मनीत घडतो. डार्मस्टाट शहराजवळ मेसेल नावाची तेलयुक्त शेलची जुनी खाण आहे. एके काळी तिथे शहराचा कचरा टाकायचं घाटत होतं. १९९५ साली ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. त्या काळी तिथे एक खोल तळं होतं, आणि तळाशी गेलेला प्राणी इतका छान टिकला की केसांची रेघ न् रेघ, पोटातलं शेवटचं जेवण, एवढंच काय, घोडीच्या पोटातलं अर्भकसुद्धा दगडात उमटलेलं मिळालं. तेव्हा घोडे कुत्र्याएवढे होते. फिल्मवाल्यांनी ही जागा निवडली यात नवल नाही.

या जंगलाचा राजा म्हणून त्यांनी उभा केलाय गॅस्टॉर्निस, माणसाहून उंच, उडता न येणारा पक्षी. चिमुकले घोडे तो चोचीत धरून फाडतो. कल्पना झकास. डायनासोर गेले तरी त्यांच्या वंशातले पक्षी अजून सस्तन प्राण्यांना गिळतायत! पण २०१४ साली त्याच्या हाडांच्या रासायनिक तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि साहेब शुद्ध शाकाहारी निघाले. ती भली मोठी चोच बिया-फळं फोडायची. याचा दोष मी फिल्मला देत नाही. २००१ साली बऱ्याच तज्ज्ञांचं मत तेच होतं.

दोष देतो तो दुसऱ्याच गोष्टीला. त्या जर्मन तळ्यात मगरीसारखा दबा धरून बसलेला एक केसाळ प्राणी दाखवलाय. त्याचं नाव अँब्युलोसिटस, म्हणजे 'चालणारा देवमासा'. चार पाय असलेला, जमिनीवर फरफटत चालणारा आणि पाण्यात पोहणारा हा देवमाशांचा पूर्वज. आता हा प्राणी सापडला कुठे? जर्मनीत नाही. पाकिस्तानी पंजाबातल्या काला चिट्टा डोंगरांत. हान्स थेविसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली, म्हणजे फिल्मच्या सात वर्षं आधी. त्या वेळी भारताचा भूखंड वर सरकत सरकत आशियाला भिडत होता, आणि मध्ये टेथिस नावाचा उथळ, कोमट समुद्र आक्रसत चालला होता. देवमासे जमिनीवरून पाण्यात गेले ते या समुद्राच्या काठावर. पाकिसिटस, अँब्युलोसिटस, कच्छच्या किनाऱ्यावर सापडलेले त्यांचे पुढचे भाऊबंद, सगळे आपल्याच उपखंडातले. त्यातला एक उचलून फिल्मवाल्यांनी हजारो किलोमीटर दूरच्या तळ्यात सोडला. का? तर कथेला पाण्यातला एक खलनायक हवा होता म्हणून!

हे क्षुल्लक वाटेल. पण देवमासा ही सस्तन प्राण्यांच्या साऱ्या कथेतली सर्वांत अचाट उडी आहे. ती कुठे घडली, हे सांगितल्याशिवाय ती *का* घडली हे कळतच नाही. एक खंड दुसऱ्याला धडकतोय, मधला समुद्र उथळ होतोय, खाड्या, दलदली, खाजणं तयार होतायत. अशा जागी जमिनीवरच्या प्राण्याचा पाय पाण्यात पडतो. जर्मनीतल्या तळ्यात ही सगळी कारणंच गायब होतात आणि उरतो तो फक्त एक विचित्र प्राणी.

याचा पुढचा अध्याय फिल्मनंतर उलगडला, तो सांगायचा मोह आवरत नाही. ए. रंगा राव नावाच्या भारतीय भूगर्भशास्त्रज्ञांनी जम्मूतल्या कालाकोट भागातून दगडांचा मोठा साठा गोळा करून ठेवला होता. ते गेले, दगड तसेच राहिले. त्यांच्या पत्नीने ते थेविसन यांच्याकडे सोपवले. इकडे अमेरिकेत त्यातली एक कवटी साफ करताना तंत्रज्ञाच्या हातून चुकून तुटली आणि आतलं कानाजवळचं हाड दिसलं. असं हाड फक्त देवमाशांत असतं! प्राणी म्हणाल तर मांजराहून थोडा मोठा, हरणासारख्या बारीक पायांचा. नाव इंडोह्यस. २००७ साली 'नेचर'मध्ये हा शोध आला. लेखकांत रुडकीचे सुनील बाजपेयीही होते. देवमाशांची सर्वांत जवळची जमिनीवरची शाखा कालाकोटच्या दगडांत पडून होती, आणि ती कळायला एका बाईंचा शहाणपणा आणि एक तुटलेली कवटी लागली. यावर कुणी सहा भागांची मालिका काढली तर मी पहिल्या रांगेत बसेन.

'बीस्ट्स'च्या उरलेल्या भागांतही असंच. इंड्रिकोथेरियम मंगोलियात दाखवलाय, ते बरोबरच आहे, तिथेही त्याची हाडं मिळतात. पण या कुळाची पहिली ओळख पटली ती १९०८ साली, बलुचिस्तानातल्या डेरा बुगटीच्या हाडांवरून, 'जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया'च्या गाय पिलग्रिम यांना. शिवालिकच्या टेकड्यांचं तर नावच नाही. तिथल्या एका बलदंड जिराफवर्गीय प्राण्याला १८३६ साली चक्क शंकराचं नाव मिळालंय, सिवाथेरियम! इथिओपिया, पॅराग्वे, युरोपातला हिमयुगाचा बर्फ, सगळीकडे कॅमेरा फिरतो. आमच्या बाजूला फारसा वळत नाही.

आता 'नोव्हा'. हिच्याबद्दल माझं मत बरंच चांगलं आहे, आणि ते केवळ शेजारधर्म म्हणून नाही. इथे कॉम्प्युटरचे प्राणी कमी आणि हातोडा जास्त. डेन्व्हर म्युझियमचे टायलर लायसन वर्षानुवर्षं उघडी पडलेली हाडं शोधत होते आणि कोरल ब्लफ्समध्ये हाती फारसं काही लागत नव्हतं. मग त्यांनी हाडं शोधायचं सोडलं आणि दगडाचे अंड्यासारखे गोळे उचलायला सुरुवात केली. २०१६ साली त्यातला एक फोडला, आत कवटी! मग दुसरा, मग तिसरा. ज्या काळातला एखादा दात मिळाला तरी पेढे वाटावेत, त्या काळातल्या अख्ख्या कवट्या रांगेने निघाल्या. सुमारे हजार पृष्ठवंशी जीवाश्म, १६ जातींचे सस्तन प्राणी, हजारो पानं, आणि उल्का पडल्यानंतरच्या पहिल्या दहा लाख वर्षांचा सलग हिशोब.

'बीस्ट्स' जिथे कमी पडते, तिथेच ही फिल्म उभी राहते. तिचे खरे नायक प्राणी नाहीत, झाडं आहेत. आपल्या मनात एक चित्र पक्कं बसलंय. डायनासोर नावाचा राजा मेला, सिंहासन रिकामं झालं, आणि बिळात लपलेला युवराज बाहेर येऊन गादीवर बसला. यातला युवराज काही सुरक्षित नव्हता. सस्तन प्राणी डायनासोरांच्या जोडीने आधीच कित्येक कोटी वर्षं नांदत होते, आणि उल्केच्या तडाख्यात तेही मेले. उत्तर अमेरिकेतल्या जीवाश्मांचा २०१६ साली झालेला एक अभ्यास सांगतो की त्यांच्या ९० टक्क्यांहून जास्त जाती संपल्या. आधी आठ किलोपर्यंत जाणारे प्राणी होते, नंतर उरले ते उंदीर-घुशींएवढे, अर्धा-पाऊण किलोचे. गादीबिदी काही नाही, होता तो राखेचा ढीग.

त्या राखेतून आधी नेचे उगवले. मग ताडाच्या जातीची झाडं आली, आणि एक लाख वर्षांत प्राणी रॅकूनएवढे झाले. सुमारे तीन लाख वर्षांनी अक्रोड-पिकानच्या कुळातली झाडं फोफावली आणि त्या सुमाराला कार्सिओप्टिकस नावाचा वीस-पंचवीस किलोचा प्राणी हजर झाला. सात लाख वर्षांनी दगडात पहिल्या शेंगा सापडतात. आपल्या तूर-मूग-चवळीच्या खानदानातल्या! आणि त्याच थरात जवळपास पन्नास किलोचे प्राणी. म्हणजे सस्तन प्राण्यांनी अंग धरलं ते प्रथिनं मिळाल्यावर. वरणाचं महत्त्व आमच्या आजीला हे दगड न फोडताही माहीत होतं, पण ते असो. पानांच्या कडांवरून त्या वेळचं तापमान कसं काढतात, हे फिल्ममध्ये इतकं सोपं करून सांगितलंय की माझी आठवीतली मुलगी दुसऱ्या दिवशी अंगणातली पानं मोजत होती.

मग भांडण कशाचं? शीर्षकाचं. 'राइज ऑफ द मॅमल्स' हे साऱ्या पृथ्वीचं नाव झालं, आणि पुरावा आहे एका टेकडीचा. शास्त्रज्ञ स्वतः याबाबतीत जपून बोलतात. फिल्मचा सूर मात्र असा, की पृथ्वी इथेच सावरली आणि बाकीच्या जगाने इथून कित्ता गिरवला. नेमक्या त्याच दहा लाख वर्षांत पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला काय चाललं होतं? तिथे सह्याद्री तयार होत होता.

दख्खनच्या लाव्ह्याला अशा फिल्म्समध्ये जी जागा मिळायला हवी, ती मिळत नाही. उल्का एका क्षणाची, कॅमेऱ्याला सोयीची. लाव्हा लाखो वर्षं थांबत-थांबत वाहतो. त्याचा सिनेमा कसा करणार? पण आज शिल्लक असलेला दख्खनचा बेसाल्टच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे, आणि पश्चिम घाटात त्याची जाडी दोन किलोमीटरहून जास्त भरते. त्यातून निघालेला वायू साऱ्या जगाच्या हवेत गेला, कोलोरॅडोच्याही. २०१९ च्या फेब्रुवारीत 'सायन्स' मासिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. एक प्रिन्स्टनच्या गटाचा, ज्यात अमरावती विद्यापीठाचे सय्यद खादरी होते. दुसरा बर्कलीच्या गटाचा, ज्यात आयआयटी मुंबईचे कांचन पांडे होते. प्रिन्स्टनचं म्हणणं, लाव्हा चार मोठ्या उमाळ्यांत आला आणि त्यातला एक उल्केच्या अगदी थोडा आधी. बर्कलीचं म्हणणं, तीन-चतुर्थांश लाव्हा उल्केनंतरचा. दोघांनी घाटांतलेच दगड नेले होते. भांडण अजून मिटलेलं नाही. ते मिटेपर्यंत कोलोरॅडोतले प्राणी कुठल्या हवेत श्वास घेत होते, याचं अर्धं उत्तर कोरल ब्लफ्समध्ये मिळणार नाही. ते घाटात आहे.

आणि त्या थरांची नावं तरी पाहा. शास्त्रीय नावं म्हणून जगभरच्या निबंधांत ती छापली जातात. जव्हार, इगतपुरी, नेरळ, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. वरच्या गटाचं नाव वाई! वाईचे घाट आणि मेणवलीचा वाडा पाहायला आपण दर भारतवारीत जातो, पण त्या गावाच्या नावाने पृथ्वीच्या इतिहासातलं एक पान ओळखलं जातं, हे किती जणांनी मुलांना सांगितलंय?

बरं, लाव्ह्याच्या त्या नरकात सस्तन प्राणी नव्हते का? होते. दोन लाव्ह्यांच्या मधल्या शांत काळात तळी साचत, गाळ बसत असे. तेलंगणातल्या नास्कल इथल्या अशाच गाळात प्रसाद आणि सहानी यांना चिचुंद्रीएवढ्या प्राण्याचे दात मिळाले. १९८८ साली त्यांनी त्याला नाव दिलं डेक्कनोलेस्टेस हिस्लोपी. हिस्लोपी हे नाव नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांच्यावरून. ज्यांच्या नावाचं कॉलेज आपल्यातले नागपूरकर अभिमानाने सांगतात, तेच. पुढे घोट्याची हाडं मिळाली, त्यावरून तो झाडावर चढणारा असावा असं दिसतं. खाली लाव्हा, वर झाड आणि झाडावर हा. तेव्हा भारत हा एकाकी तरंगणारा भूखंड होता. त्यानंतर सव्वा कोटी वर्षांनी सुरतजवळच्या वस्तान इथल्या लिग्नाइटच्या खाणीत कँबेथेरियम भेटतो. मेंढीएवढा, आणि घोडे-गेंडे-टापिर या सगळ्यांचा चुलता शोभेल असा. हे कुळच भारताच्या भूखंडावर किंवा त्याच्या आसपास उपजलं असावं, असा अंदाज त्याचा अभ्यास करणाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडला. अंदाजच आहे, सिद्ध झालेलं नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर पुढच्या मीटिंगमध्ये कुणीतरी मला व्यासपीठावर बोलावून "सगळं आपल्याकडेच होतं" यावर बोलायला लावेल. माझा मुद्दा तो नाही. चिचुंद्रीला नागरिकत्व नसतं, आणि काला चिट्टा आज आपल्या पासपोर्टवर येत नाही. तक्रार फिल्मच्या रचनेशी आहे. सस्तन प्राण्यांचा उदय ही त्यांच्या गुणांची कथा नाही, पृथ्वीने कूस बदलण्याची कथा आहे. लाव्हा वाहिला, खंड सरकला, समुद्र आटला, पर्वत उठला. ही कूस जिथे सर्वांत जोरात बदलली, ती जागाच दाखवली नाही तर प्रेक्षकाच्या हाती कारणांवाचूनचे प्राणी येतात. आपल्या मुलांच्या बाबतीत तर दुहेरी नुकसान. त्यांचे आजी-आजोबा पुण्या-साताऱ्याच्या काळ्या दगडावर राहतात आणि ती स्वतः कोलोरॅडोच्या पिवळ्या मातीवर सॉकर खेळतात. एकाच कथेची दोन पानं त्यांच्या घरात आहेत, आणि ती जोडून दाखवणारी फिल्म मी तरी अजून पाहिलेली नाही.

तोवर बघायच्याच असतील तर क्रम असा ठेवा. 'नोव्हा' आधी, मुलं दहाच्या पुढची असली तर उत्तम. मग 'बीस्ट्स'चे पहिले तीन भाग. पहिला चालू असताना तळ्यातला तो केसाळ खलनायक आला की पॉज करून नकाशा काढा आणि त्याला त्याच्या मूळ गावी परत पोचवा. चौथा, आपल्या आफ्रिकेतल्या पूर्वजांचा भाग, ठीकठाक. पाचव्यात सुळेदात्या वाघांचे नवे नर येऊन जुन्या नराची पिल्लं मारतात. लहानग्यांना तो झोपायच्या आधी दाखवू नका. सहावा मॅमथचा, तो गोधडीत बसून बघायचा. डीव्हीडीसाठी आपल्या पब्लिक लायब्ररीत आधी विचारा, विकत घ्यायची घाई नको.